चार अक्षरं आणि एक खोटं लेबल

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटा म्हणत. धरलं की सोडायची नाही. पेशी वाढवायच्या, त्यांनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे एक्सोझोम, गोळा करायच्या, आत काय भरलंय ते मोजायचं. बावीस वर्षांत तिचं एकही लेबल चुकलं नव्हतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचं म्हणणं, जो मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांना आवर घालणारा चिमुकला रेणू, पेशीत जास्त, तोच पिशवीत जातो. निवडबिवड काही नाही. त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. तिने एका मायक्रोआरएनएच्या साखळीतली, शेपटीजवळची चार रासायनिक अक्षरं हेरली आणि दुसऱ्या प्रतीत त्यातली दोन बदलली. दोन्ही प्रती पेशींत सारख्याच प्रमाणात सोडल्या. पिशव्यांत सापडला तो मूळचाच. बदललेला पेशीतच अडकला. म्हणजे ती अक्षरं वाचून एक प्रथिन त्याला पिशवीपर्यंत नेत होतं. त्या पिशव्यांची आता एकच नळी उरली होती.

"ती नळी फेक," सर म्हणाले.

"पुन्हा मोजू की, सर. खोटं निघालं तर मीच फेकते."

"मला शिकवतेस? बाटल्या धुणारी तू!"

"धुते म्हणूनच तळाशी काय उरलं ते दिसतं."

तिचा हात फ्रीझरच्या चौकटीवर होता. सरांनी दार आपटलं. मग पुन्हा आपटलं. दोन बोटं भलतीकडे वळली. रक्त बर्फावर पडलं आणि तिथेच गोठलं. केसांना धरून त्यांनी तिला बाजूला फेकलं, लेबल वाचून नळी काढली आणि टाचेखाली चिरडली. जाता जाता बरगडीत एक लाथ.

लादी पुसणाऱ्या मावशी बादली टाकून धावल्या. "माणूस आहे की कसाई! बये, हात गेला आणि नळीही गेली गं."

"दार लावा आधी. वितळेल."

"काय वितळेल?"

"'पाणी' लिहिलेली नळी. काल तुमच्यासमोर वहीत लिहिलं नव्हतं का, लेबलं बदलली म्हणून?"

टाचेखाली चिरडलं होतं ते साधं पाणी. सरांनी फक्त अक्षरं वाचली होती.

"मग आता डॉक्टरकडे चल."

"आधी ते लेबल काढा," ती दात आवळून म्हणाली. "खोटं आहे ते."