भेंडीचं गुलाबी बी

सावळीराम आप्पांची सारी हयात मनमाडच्या रेल्वेत गेली. घरची शेती चांदवडकडे होती, पण ती भावांनी केली. आप्पांनी कधी मातीत बोट घातलं नाही. पोरंही बायकोनंच वाढवली. त्यामुळे ती गेल्यावर ते नाशिकरोडला मुलाकडे राहायला आले आणि सुनेनं, चैतालीनं, पाच वर्षांच्या मैनाला दुपारभर त्यांच्या हवाली केलं, तेव्हा म्हाताऱ्याला एकदम दोन नव्या भूमिका मिळाल्या. आजोबाची आणि माळ्याची. पाठ एकही नव्हती.

चैताली पतपेढीत नोकरीला होती. स्वभावानं गोड, पण धास्तावलेली. मैना दिसेल ते तोंडात घालायची: खडू, भिंतीचा पोपडा, एकदा तर कुंकू. "हा महिना बघू, आप्पा," चैताली म्हणाली होती, "नाही जमलं तर पाळणाघर आहेच. तुम्हाला उगाच त्रास नको." आप्पांना त्या 'त्रास' शब्दाचीच धडकी भरली. मैना दुपारची गेली, तर त्या घरात त्यांच्या सोबतीला टीव्ही आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढंच उरणार होतं.

घरामागे, धुण्याच्या दगडापलीकडे, थोडी मोकळी जागा पडून होती. थंडी ओसरली तसे आप्पांनी तिथले दगडगोटे आणि विटांचे तुकडे वेचले. मैनानं वेचलेल्या विटांचं मुंग्यांसाठी घर बांधलं. शेणखताचं पोतं आलं, मग कृषी सेवा केंद्रातून भेंडीचं बी आलं. पाकीट फोडलं तर आत गुलाबी दाणे! कीड लागू नये म्हणून औषध चोळलेलं. हॉटेलात जेवणानंतर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या येतात ना, हुबेहूब तसे.

शनिवारची दुपार. दोघं वाफ्यापाशी बसलेली असताना गॅसचा सिलिंडर आला. आप्पा पाकीट दगडावर ठेवून पुढच्या दाराशी गेले. परत येऊन बघतात तर पाकीट रिकामं, मैनाची बोटं गुलाबी, ओठाच्या कडेला गुलाबी डाग आणि दोन्ही गाल टम्म फुगलेले.

आप्पांनी धावत जाऊन तिच्या तोंडासमोर ओंजळ धरली.

"थुंक बाळा. थुंक ते."

मैनानं मान हलवली आणि हातानं 'थांबा' अशी खूण केली. आप्पा पुढे झाले, ती मागे सरकली. दगडाभोवती दोघांची शिवाशिवी सुरू झाली, आणि नेमकं फाटक वाजलं. शनिवारी पतपेढी अर्धा दिवस असायची. चैताली दारात उभी.

आप्पांनी काही लपवलं नाही. रिकामं पाकीट तिच्यापुढे धरून म्हणाले, "हिनं बी खाल्लंय बहुतेक. औषध लावलेलं हाय. गाडी काढ."

चैतालीनं पर्स तिथंच टाकली आणि पोरीकडे धावली. पण मैना तोवर वाफ्याच्या कोपऱ्यात पोचली होती. ती वाकली आणि तिनं तोंडातून फुर्रकन पाण्याचा फवारा मातीवर सोडला.

"सांडलं असतं ना सगळं," ती रागावून म्हणाली. "आप्पा, तुम्हीच सांगितलं ना, पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं."

इस्त्री करताना आप्पा तोंडात पाणी घेऊन सदऱ्यावर फवारत. रेल्वेच्या गणवेशापासूनची सवय. पोरीला शिंपडणं म्हणजे तेवढंच ठाऊक.

बी कुठंय, असं विचारल्यावर तिनं ओल्या मातीकडे बोट दाखवलं. आप्पांनी गुडघ्यांवर बसून उकरलं. एकाच खळग्यात सगळे दाणे दाटीवाटीनं बसलेले. चैतालीनं पोरीची जीभ उजेडात धरून बघितली. स्वच्छ होती.

"एकपण खाल्लं नाहीस?"

"ते खायचं नसतं. पाकिटावर लाल अक्षरात लिहिलंय. आप्पांनी वाचून दाखवलं."

तरीही डॉक्टरांना फोन झाला. चूळ भरायला लावा, हात-तोंड साबणानं धुवा, लक्ष ठेवा, घाबरू नका, एवढंच त्यांनी सांगितलं. मैनानं धुतल्या तोंडानं लगेच गूळपोळी मागितली. ती खाताना बघून आप्पांनी डोळ्यांवर रुमाल धरला आणि घामाचं निमित्त केलं.

"चूक माझीच," ते म्हणाले. "पाकीट खाली ठेवायला नको होतं. तू पाळणाघराचं बघ."

चैताली निफाडकडच्या शेतकऱ्याची लेक. पदर खोचून, हाताला पिशवी गुंडाळून ती दाणे वितीवितीवर टोचत होती. "ही भेंडी आहे की मनमाडची वेटिंग रूम?" असं पुटपुटत हसत होती आणि मनगटानं डोळेही पुसत होती.

"पाळणाघरात हिला पाकिटं कोण वाचून दाखवणार आहे?" ती मान वर न करता म्हणाली. "माझं सांगणं कधी हिच्या कानात शिरलंय का? तुमचं तरी शिरतं."

आप्पा दगडाला धरून उठायला लागले.

"बसा हो तिथंच. चहा टाकते मी. मैना, आप्पांजवळ थांब."

आणि मागं वळून न बघता ती आत गेली.