बाई काटा उलटा वाचायल्यात

बायको होती तोवर तिलासुद्धा हे कळू दिलं नाही. पोरांना तर नाहीच. तुमी निवांत बसलात म्हणून बोलायलोय—मधेच गप्प झालो तर घाई करू नका.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन सहा-सात वर्षं झाली होती. परभणीत वीज होती, पण थोड्याच घरांत. मी लाईट ऑफिसात मीटर रीडर. नोकरी कच्ची, पक्की व्हायची वाट बघत होतो. सायकल, खांद्याला पिशवी, पिशवीत वही. लोक मला लाईटवाले म्हणायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

अडत बाजाराच्या मागं बळवंतरावांचं घर होतं. ते एका अडत्याकडं मुनीम. त्यांची धाकटी बहीण सिंधू—लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा वारला, तेव्हापासून भावाकडंच. वय तेवीस-चोवीस, माझ्याएवढंच. ती बाहेरून मॅट्रिकला बसणार होती. पास झाली की शाळेत मास्तरीण, मग कुणाच्या तोंडाकडं बघायला नको. भावाची अट एकच होती—दिवा लाव, अभ्यास कर, पण बिल वाढता कामा नये.

मीटर ओसरीत दाराच्या वर. मी स्टुलावर चढायचो, आकडा लिहायचो, तांब्याभर पाणी पिऊन निघायचो. एकदा तिनं विचारलं, हे वाचायचं कसं? मी सांगितलं. चार चकत्या, प्रत्येकीत एक काटा. एक काटा घड्याळासारखा फिरतो, शेजारचा उलटा. काटा दोन आकड्यांच्या मधे असला तर मागचा आकडा धरायचा, पुढचा नाही. मला हे शिकायला आठवडा लागला होता, तिला तिथल्या तिथं कळलं. ती हसली—आणि माझं काय झालं ते वेगळं सांगायला पाहिजे का?

महिन्यातून एकदा, पाच मिनिटं. बाकीचे दिवस मी त्या पाच मिनिटांवर काढायचो. दुसऱ्याच कुणाच्या ओसरीत स्टुलावर उभा असलो तरी वाटायचं, खालून तिचा आवाज येईल. लय याद यायची. बोलायची सोय नव्हती, धाडस तर त्याहून नव्हतं. मला फक्त अजून एकदा जायचं होतं—महिना भरायच्या आत, एकदा.

तर ते असं झालं. बिलाची तक्रार आली की रीडरला परत जाऊन मीटर बघावा लागायचा. एका महिन्यात मी तिच्या मीटरच्या एका चकतीचा पुढचा आकडा लिहिला. चुकून नाही. मुद्दाम. बळवंतराव तक्रार करतील, मी जाईन, पाणी पिईन, आकडा दुरुस्त करीन. नाहीतर पुढच्या महिन्यात आपोआप वळतं होईल, कुणाचं काय जातंय—अशी मी मनाची समजूत घातली.

बिल तिपटीनं गेलं. बळवंतरावांनी तक्रार केलीच नाही. त्यांनी बहिणीला धरलं.

ऑफिसात आली ती स्वतः. भरदुपारी, एकटी, डोक्यावर पदर घेऊन. त्या काळी बाया तिथं पाऊल टाकत नव्हत्या. हातात एक कागद होता. त्यावर तिनं महिनाभर रोजचा आकडा लिहून ठेवला होता, एकही दिवस न चुकवता. हेडक्लार्कनी तो बघितला, मला बोलावलं आणि तिच्यासमोरच विचारलं, रीडिंग बरोबर आहे का?

'चुकलो साहेब'—एवढे दोन शब्द पुरले असते. मुद्दाम केलं हे सांगायचीसुद्धा गरज नव्हती, चूक तर कुणाचीही होते. पण मला वाटलं, एवढं बोललो तरी बाकीचं माझ्या तोंडावर दिसेल. मी म्हणालो, "साहेब, ह्या बाई काटा उलटा वाचायल्यात."

दोघं-तिघं हसले. हेडक्लार्क म्हणाले, "जाऊ द्या बाई, तुमचं काम न्हाई ते." मीच शिकवलं होतं, हे ती बोलली नाही. बोलली असती तर चार माणसांत नाव तिचंच निघालं असतं. कागदाची घडी घातली आणि गेली.

आठ दिवसांत बळवंतरावांनी लाईट तोडायची अर्जी दिली. परीक्षेला दोन महिने राहिले होते. ती बसली नाही. उन्हाळ्यात त्यांनी तिला गंगाखेडच्या पुढं राणीसावरगावला दिराच्या घरी नेऊन सोडलं. मी पक्का झालो, माझं लग्न झालं, पोरं झाली. गंगाखेडकडची एसटी दिसली की अजून माझी नजर खिडक्यांवरून फिरते. काय बघायलोय मी? ती दिसली तर काय करणार आहे?

पण सांगायचं राहिलंय ते लाईट तोडायच्या दिवसाचं. लाईनमनबरोबर मीच गेलो. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं—पण मला जायचं होतं. लाज वाटायला पाहिजे होती, आणि मला घर जवळ येईल तसा आनंद होत होता.

मीटर काढायच्या आधी शेवटचा आकडा घ्यावा लागतो. लाईनमन बाहेर खांबावर होता. मी स्टुलावर चढलो. ती उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली, मान वर केली आणि चारी आकडे एकेक करून वाचले, सावकाश. आवाजात राग नव्हता. तो आकडा मी मागच्या महिन्यात लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी होता; तेवढाच लिहिला असता तर मागच्या महिन्याचं खोटं वहीतच उघडं पडलं असतं. लाईट राहिली असती. ती परीक्षेला बसली असती. हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं.

"बरोबर वाचलं ना मी?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. आणि वहीत दुसरा आकडा लिहिला.