दोन बोटं पाणी

कॅनडातल्या व्हिटबीत दारातला बर्फ शोव्हलनं उपसून आत यावं, चहा संपवावा, तर दारात पुन्हा तेवढाच. किस्सेही तसेच साठतात. मी शाळेत फार गेलो नाही, लिहायची सवय नाही. पण मुलाच्या मित्रमंडळींचे दोन-चार सांगून टाकतो, म्हणजे दार मोकळं होईल.

मुलगा संजय, नागपूरचा विनोद आणि पुण्याची नीता, तिघं स्कारबरोत एकाच ऑफिसात. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्राचं पाणी साफ करायची मशीन बनवायची, हे त्यांचं काम. ते पाणी जमिनीत ढकललं की खालचं तेल वर येतं.

मी जन्मभर नगरपालिकेच्या टाकीवर व्हॉल्व्ह फिरवले. म्हणून विचारलं, "पाण्यात औषध काय घालता?"

नीता म्हणाली, "घालण्यापेक्षा काढतो जास्त, आबा. आधी गाळ, मग पाण्यात विरघळलेली हवा. हवा राहिली तर पाइप गंजतात."

"मग त्यात मासा कसा जगायचा?"

"नाहीच जगणार. म्हणून तर फक्त तेलाच्या विहिरीला पाजतो."

*

त्या वर्षी तेलाचे भाव पडले. दर शुक्रवारी ऑफिसातलं एखादं टेबल रिकामं व्हायचं. विनोदची इथं कायम राहायची, पीआरची फाइल अडकलेली. वर्क परमिट त्याच कंपनीच्या नावावर. नोकरी गेली की सगळंच गेलं.

एका शुक्रवारी त्याचा फोन आला. "आबा, संजयला द्या ना. साहेब सगळ्यांना 'हॅव अ नाइस वीकेंड' म्हणाले. मला फक्त 'टेक केअर'."

दोन दिवस तिघं त्या दोन शब्दांचा अर्थ लावत बसले. सोमवारी कळलं, साहेबांनी विनोदला खोकताना पाहिलं होतं.

*

कडाक्याच्या थंडीत पाइप गोठू नये म्हणून त्याला गरम तार कशी गुंडाळायची, हे विनोदचं खास काम. त्याच हिवाळ्यात त्याच्या बेसमेंटमधल्या वॉशरूमचा पाइप गोठून फुटला.

घरमालक सरदारजी पाणी उपसताना म्हणाले, "बेटा, तू काम क्या करता है?"

विनोद म्हणाला, "जी, सॉफ्टवेअर."

*

मग मशीन विकत घेणाऱ्या तेलवाल्यांची माणसं शुक्रवारी येणार असं ठरलं. त्यांना पटलं तर काम पुढं, नाही तर पुढचं रिकामं टेबल विनोदचं. हवा काढली की गंज धरत नाही, हे दाखवायला त्यानं तीन बाटल्या भरल्या, प्रत्येकीत एक खिळा. एकीत साधं समुद्राचं पाणी, दोहोंत हवा काढलेलं. ऑफिसात सामानाची हलवाहलव होती, म्हणून बाटल्या आमच्या गराजमध्ये ठेवल्या.

मी पाहिलं, तर काठोकाठ भरलेल्या. गराजमध्ये मरणाची थंडी. पाणी गोठलं की फुगतं आणि बाटली तडकते, एवढं या देशानं मला शिकवलं होतं. एकीतलं दोन बोटं पाणी ओतून दिलं, झाकण घट्ट लावलं. दुसरीला हात घालणार, तेवढ्यात सूनबाईनं जेवायला हाक मारली.

गुरुवारी विनोद न्यायला आला. खारं पाणी गोठलंच नव्हतं, बाटल्या शाबूत. हवा काढलेल्या दोन बाटल्यांपैकी एकीतला खिळा चकचकीत, दुसरीतला लाल.

"काऊन झालं बा असं?" तो खालीच बसला.

मी जवळ गेलो. म्हटलं, "पोरा, ती मी उघडली. फुटेल म्हणून."

तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तिन्ही बाटल्या खोक्यात घालून निघून गेला.

*

शुक्रवारी दुपारी संजयचा फोन आला.

पाहुण्यांत एक पांढऱ्या दाढीचा फिटर होता, सगळी हयात बर्फात गेलेला. चकचकीत खिळ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. लाल खिळ्याची बाटली उचलून विचारलं, "ही कुणी उघडली?"

विनोदनं खरं ते सांगितलं. "माझ्या मित्राच्या वडिलांनी. गोठून फुटेल अशी भीती वाटली त्यांना."

"शहाणा माणूस. तिकडं वीज गेली तर आमची माणसंही हेच करतील. पाइप फुटू नयेत म्हणून त्यांतलं पाणी सोडून देतील. हवा आत शिरेल. मग तुमच्या मशीनचा उपयोग काय?"

एवढं सांगून संजयनं फोन ठेवला. मी खिडकीशी बसून राहिलो.

संध्याकाळी तिघं एकदमच घरी आले. विनोदनं बूटही न काढता न उघडलेली, चकचकीत खिळ्याची बाटली माझ्यापुढं ठेवली. नीतानं वही उघडली.

"आबा," विनोद म्हणाला, "उत्तर शोधायला मुदत मिळालीय, हवा कशी शिरते ते टिपायचंय. आता हीपण उघडा. त्या दिवशी उघडली होती, तश्शीच. सावकाश."