वाढत्या अंगाच्या जर्सी

टेलरमास्तरांना फुटबॉल कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. तरी रविवारी दुपारी ते बायकोला घेऊन मैदानावर हजर झाले, ते कोपऱ्यावरच्या केमिस्टमुळे. हा केमिस्ट म्हणजे नव्याने निघालेल्या क्लबचा सेक्रेटरी.

"मास्तर, मागच्या मॅचला आपण सहा गोल खाल्ले, त्याचं काही नाही," तो म्हणाला होता. "पण लोक हसले ते तुमच्या जर्सींना. रविवारी घरच्या मैदानावरच दुसरी मॅच आहे. स्वतः येऊन बघा. नाहीतर यापुढे मी रेडीमेड मागवतो."

रेडीमेड! मास्तरांच्या दुकानात हा शब्द कुणी काढलाच, तर ते उठून खिडकी उघडतात.

बरं, मास्तर असे सोवळे, की हात धुतल्यावर नळही धुवायचे. त्यांच्या वाट्याला आली लाकडी फळी, आणि फळीवर कुणीतरी चघळून चिकटवलेलं च्युइंगम. मास्तरांनी ते रुमालाने खरवडलं, मग रुमाल फेकला, मग ज्या बोटांनी फेकला ती बोटं हवेत धरून बसले. मागचा माणूस खच्चून शिंकला. मुतारीवरून वारा आला. चहात मुंगी निघाली.

"शी!"

"अहो, अजून मॅच सुरू व्हायचीय," बायको म्हणाली.

तेवढ्यात आपला संघ धावत आला आणि मास्तरांची मान खाली गेली.

तीस वर्षं या माणसाने फक्त शाळेचे गणवेश शिवले. माप कितीही घ्या, कापताना हात आपोआप दोन इंच जास्त सोडायचा. पोर वाढतं, आईबाप दुवा देतात. तेच दोन इंच त्या हाताने अकरा थोराड बाप्यांनाही सोडले होते. आघाडीला खेळणारा वायरमन तर उशीच्या अभ्र्यात शिरल्यासारखा दिसत होता.

"अजून उंच व्हायचाय का हो तो?" बायकोने विचारलं. "चाळिशी आलीय त्याची."

"गप्प बस."

पुढे जे दिसलं ते आणखी वाईट. सगळे थुंकत होते! एकजण तर धावता धावता एक नाकपुडी दाबून मोकळा झाला, आणि उरलेलं त्याने पुसलं ते मास्तरांनी दुहेरी शिलाई घातलेल्या बाहीला.

"बाहीला! अगं, बाहीला पुसलं त्याने!"

"मग काय तुमच्या रुमालाला पुसणार? तो फेकलात ना."

मध्यंतराला आपण तीन गोल खाऊन बसलो होतो. केमिस्ट लांबूनच मास्तरांकडे बघून मान हलवत होता. रेडीमेडचा फोन आता लागणार, हे मास्तरांनी ओळखलं.

मग चमत्कार झाला. वायरमनला चुकून बॉल मिळाला. तो पळत सुटला आणि त्याची जर्सी मागे शिडासारखी फुगली. समोरच्या संघाचा एक धटिंगण गोलच्या अगदी तोंडाशी मागून आला. एवढं कापड हाताशी आल्यावर कोण सोडतो? त्याने मूठभर धरून ओढलं. वायरमन चिखलात आडवा. रेफरीची शिट्टी. पेनल्टी! वायरमनने डोळे मिटून लाथ घातली आणि बॉल गोलकीपरच्या ढोपराला आपटून आत गेला. क्लबचा आयुष्यातला पहिला गोल!

मॅच चार-एकने हरलो, पण केमिस्टने येऊन घामेजल्या अंगाने मास्तरांना मिठीच मारली.

"मास्तर, जर्सी तुमच्याच! आणि अशाच ढगळ! जमलं तर आणखी इंचभर सोडा. ओढू द्या लेकांना!"

मास्तरांनी ती मिठी पाल झटकावी तशी झटकली.

"माझी शिवण धरून माणूस पाडायचा आणि त्याला गोल म्हणायचं? लाज वाटत नाही? सगळ्या जर्सी उद्या दुकानात टाका. दोन-दोन इंच आत घेतो. आणि धुऊन आणा!"

"चिडताय कशाला? काम तुमच्याकडेच राहिलं ना?" बायको वाटेत म्हणाली.

"राहिलं. शी!"

सोमवारी गाठोडं आलं, न धुतलेलं. मास्तरांनी एकेक जर्सी दोन बोटांनी उचलून दोनदा धुतली. वाळल्यावर वायरमनची टेबलावर पसरली, चष्मा पुसला आणि जिथे त्या धटिंगणाने ओढलं होतं तिथली शिवण उजेडाकडे धरून तीनदा पाहिली.

एकही टाका सरकला नव्हता.

"अगं, इकडे ये, बघ," त्यांनी बायकोला हाक मारली. तिने पाहून मान डोलावली, तेव्हा कुठे त्यांनी नाक मुरडत ती शिवण उसवायला घेतली.