ओवाळायचं कुणाला?
दुखण्याच्या तेलाचा वास आला की मला लालबागच्या चाळीतली ती संध्याकाळ आठवते. माझा मुलगा हेवीवेट बॉक्सर. लढत जिंकून येतोय म्हणून मी ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होते. लढती ठरवणारा प्रमोटर त्याच्यासोबत त्याच्याकडून हरलेल्या पोरालाही घेऊन आला. त्या हरलेल्याचा डोळा सुजलेला. प्रमोटर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मावशी, किताबासाठी आता हाच लढणार. क्रमवारीत याचा नंबर वर लावलाय." मी म्हटलं, "अरे, हा तर मार खाऊन आलाय!" "पण माझ्या करारावर सही यानेच केलीय. तुमचा कुठे करतोय?" मला काही कळेना. मी माझ्याच पोराला ओवाळलं. तो खाली बघत म्हणाला, "आई, पुरे." आता टीव्हीवर पंचाने कुणाचा हात उचलला की मी सुनेला विचारते, "हा जिंकलाय, की नुसती सही केलीय?"