उमरठच्या भोंग्यावरची लायब्ररी

महाडच्या महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या चारुशीलाबाई उत्तराला कमी आणि पायऱ्यांना जास्त गुण देतात. पर्जन्यमापकाचे आकडे वाचणारी छोटी सॉफ्टवेअर लायब्ररी त्यांनी लिहिली, तीही याच शिस्तीत. प्रत्येक पायरीची ती नोंद करायची: यंत्र सापडलं, आकडा घेतला, आकडा तपासला. काही सुटू नये म्हणून लायब्ररी सुरू होतानाच ज्या प्रोग्रॅममध्ये ती जोडली असेल त्या साऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदींची पातळी 'सगळं' अशी करून टाकत असे; मग एकही नोंद अडत नसे.

उमरठच्या ओंकारने ती आपल्या प्रोग्रॅममध्ये घेतली. दरडीखालच्या वाडीसाठी त्याने सोय केली होती: पाऊस धोक्याचा झाला की इशाऱ्याची नोंद व्हायची आणि देवळावरचा भोंगा ती वाचून दाखवायचा. बाकीच्या नोंदी त्याने अडवल्या होत्या. लायब्ररीने तो अडसर काढला.

भोंगा दिवसभर बोलू लागला. आकडा घेतला, आकडा तपासला. देवळाची देखभाल करणाऱ्या हैबतीकाकांनी शेवटी वायरच काढली.

ओंकारचा फोन आल्यावर चारुशीलाबाई उमरठला आल्या.

"ताई, तुमचा पाऊस लई बोलतो," हैबतीकाका म्हणाले. "म्हस बी दूध देत नाय."

"ती आधीच आटलीय, काका," ओंकार म्हणाला.

"आटली तर आटली. वायर मी लावायचो नाय."

"आणि दरड आली तर? वाडीला सांगणार कोण?"



"नोंदी काढूनच टाकते," बाई म्हणाल्या.

"नको, मॅडम. मापक बिघडला तर मला कळणार कसं? नोंदी करा. त्यातलं काय वाजवायचं, ते माझा प्रोग्रॅम ठरवेल."

पातळी बदलणारी ती एकच ओळ बाईंनी खोडली, जराशा नाइलाजाने. लायब्ररी आता स्वतःच्या नावाने नोंद करते. ती नोंद कुठे जाते, कुणी वाचतं की नाही, यात पडत नाही.

चाचणीपुरती म्हणून हैबतीकाकांनी वायर जोडली. पाऊस भुरभुरत होता. लॅपटॉपवर नोंदी सरकत होत्या, भोंगा गप्प होता. मग ओंकारने मापकात तांब्याभर पाणी ओतलं.

"धोक्याचा पाऊस. वाडीने शाळेत जावं," भोंगा एकदाच बोलला.

थोड्या वेळाने वाडीतल्या प्रयागबाई काखेत कोंबडी घेऊन शाळेच्या पायवाटेने आल्या.

"चाचणी हाय गो," हैबतीकाका ओरडले.

"आधी सांगायला काय झालं होतं रे?" म्हणत त्या तशाच मागे वळल्या.

ओंकार वायर काढायला पुढे झाला.

"ऱ्हाऊ दे," हैबतीकाका म्हणाले. "ऐकू गेलं तिला."