पाहुणा की चोर, कसं ओळखायचं?

मंडळी, आज सकाळी आमच्या सोसायटीत घरफोड्यांवर बैठक झाली. कॅमेऱ्यांची चर्चा ऐकताना मला बोईसरची आमची जुनी चाळ आठवली.

साठचं दशक होतं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. वडील तिथे कामाला लागले, म्हणून आम्ही साताऱ्याहून आलो होतो. एका दुपारी आई विहिरीवर गेली आणि कुणीतरी कुलूप तोडून आमची तांब्याची भांडी नेली.

शेजारच्या हिराकाकी इथल्याच. त्या म्हणाल्या, "मी बगला त्याला. मना वाटला तुमचा पावना हाय. तुमी कोनाशी बोलतच नाय."

आईला ते लागलं. तिनं चाळीतल्या सगळ्या बायकांना घरी बोलावलं. कुणाकडे कोण येतं-जातं, ते एकमेकींना सांगून झालं. मग रोज दुपारी एकीनं ओट्यावर बसायचं आणि अनोळखी माणसाला विचारायचं, असं ठरलं.

पहिला सापडला माझा सख्खा मामा. आई येईपर्यंत काकींनी त्याला हलू दिलं नाही. पाणी मात्र दिलं. मामा फुगून बसला आणि आई हसत राहिली. आम्ही तिथे होतो तोवर चाळीत पुन्हा चोरी झाली नाही.

तुमच्या शेजारी कोण येतं-जातं, तुम्हाला ठाऊक आहे का?